नाचऱ्या शब्दांचा मसुदा

केसरआक्कांची पंचाहत्तरी करायची नाही, असं खुद्द केसरआक्कांनीच जाहीर केलं, तेव्हा कुंट्यांच्या घरात कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. पंचाहत्तरीचं माणूस आधी नको म्हणतं, मग हळूच साडीचा रंग विचारतं, ही जगाची रीत आहे. पण आक्का रंग विचारायला आल्याच नाहीत. गेल्या वर्षभरात त्या कुणाच्या लग्नाला गेल्या नव्हत्या की मुंजीला, आणि शेजारच्या सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा त्यांनी घरी मागवून घेतला होता. शेवटी त्यांचे धाकटे भाऊ देवव्रतराव सुपारीच्या वाडीतून मधल्या वाटेने त्यांच्या पडवीत गेले आणि समोर बसून, तोंड चांगलं मोठं उघडून, 'का?' असं विचारते झाले.

"देवा, ऐकू येत नाही त्याचं मला काही नाही," आक्का म्हणाल्या. "पण चार माणसं हसली की मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसते. काय झालं विचारलं की म्हणतात, काही नाही, नंतर सांगतो. मग मीही हसते, सगळ्यांचं हसून झाल्यावर. ते आता मला होत नाही."

आता आक्का म्हणजे कोण, हे नांदगावात नव्याने आलेल्यालाच सांगावं लागतं. मामलेदारापासून मासळीवालीपर्यंत या बाईने कुणाची नक्कल करायची सोडली नव्हती. मुरुडचे जुने डॉक्टर घरी आले की म्हणे आधी स्वतःची नक्कल बघायचे आणि मग रोग्याची नाडी. अशा बाईने हसायला उशीर होतो म्हणून घरात तोंड लपवून बसावं, हे देवव्रतरावांच्या फार जिव्हारी लागलं. कानाचं यंत्र आणून झालं होतं. त्यातून आक्कांना माणसांचं बोलणं सोडून बाकी सगळं ऐकू यायचं: पंखा, माडाच्या झावळ्या, स्वतःचं कुरमुरे चावणं. चार दिवसांत ते यंत्र रव्याच्या डब्यात गेलं आणि अजून तिथेच आहे.

"तुझ्या पंचाहत्तरीला तू सगळ्यांच्या बरोबर हसशील," देवव्रतराव म्हणाले. "मागून नाही. हा माझा शब्द."

आणि तोंडी शब्दाला काही किंमत नसते, म्हणून हेच वाक्य त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं, खाली सही केली आणि आक्कांच्या हातात दिलं. देवव्रतराव तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. तोंडी काय वाटेल ते असो, लेखी असेल तेच खरं, या एका तत्त्वावर त्यांनी उभी हयात काढली होती आणि त्या तत्त्वाने त्यांना कधी दगा दिला नव्हता. घरी येऊन त्यांनी हा प्रकार पत्नीच्या कानावर घातला. पद्माताईंनी वालाच्या शेंगा सोलता सोलता एवढंच विचारलं, की अहो, पण ते करणार कसं? सही करण्याआधी हा प्रश्न देवव्रतरावांना सुचला नव्हता.

रात्रभर कूस बदलल्यावर सकाळी युक्ती सुचली. सगळ्या नातेवाइकांनी आपापल्या फोनवर आक्कांबद्दल दोन शब्द बोलून पाठवायचे, ते जोडून वाचनालयाच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर दाखवायचे, आणि बोललेलं सगळं खाली अक्षरांत उमटवायचं. लोक ऐकतील, आक्का वाचतील, आणि हसू एकाच वेळी येईल. गावात ही बातमी फुटल्यावर सल्ल्यांना तोटा राहिला नाही. कुणी म्हणालं, पुस्तिका छापा. कुणी म्हणालं, एवढ्या खर्चात अष्टविनायक करून आणा, ऐकू येवो न येवो, पुण्य मिळेल. एका गृहस्थाने तर सुचवलं, की आक्कांना सगळं आदल्या दिवशीच सांगून ठेवा, म्हणजे त्या बरोबर वेळेवर हसतील. हे गृहस्थ एका सोसायटीचे चेअरमन होते आणि तिथल्या सभा ते याच पद्धतीने घेत असत.

काम दिलं हारिसला. हारिस हा वाडीच्या कुंपणापलीकडच्या सकिनाबींचा मुलगा, आणि सकिनाबी म्हणजे आक्कांची परकराच्या वयापासूनची मैत्रीण. हारिसचं मुरुडात लग्नांच्या शूटिंगचं दुकान होतं. त्याचा कॉम्प्युटर म्हणे बोलणं ऐकून आपोआप लिहायचा, पण म्हसळ्याच्या अण्णांची, म्हणजे कुंट्यांच्या थोरल्या चुलतभावाची, कवळी न लावलेली मराठी ऐकून त्याने हात टेकले. तेव्हा टंकलेखनाची जबाबदारी देवव्रतरावांनी स्वतःकडे घेतली. हारिसने त्यांना सबटायटलची फाईल उघडून दाखवली. आधी अनुक्रमांक. त्याखाली वेळ, पासून आणि पर्यंत. त्याखाली मजकूर. मग एक ओळ कोरी. देवव्रतरावांना अगदी भरून आलं. निवृत्तीनंतर इतकी शिस्तशीर वस्तू त्यांच्या पाहण्यात आली नव्हती.

विहंगाची चित्रफीत आधी तयार झाली म्हणून घरच्या टीव्हीवर तिची चाचणी ठेवली. विहंग हा आक्कांचा भाचा, न्हावा शेवाला बंदरावर नोकरीला. तो आपला मागे कंटेनरच्या डब्यांची चळत घेऊन उभा राहून सांगत होता, की मी आत्याला म्हटलं, आमच्याकडे रोज हजारो डबे येतात आणि एकही हरवत नाही. तर आत्या म्हणाली, मग माझा लाडवांचा डबा तेवढा कसा हरवला? बेत उत्तम होता. पण आक्का रोजचं वर्तमानपत्र निधनवार्तांसकट चहा निवायच्या आत संपवणाऱ्या. पडद्यावर दोन ओळी आल्या, आक्कांनी त्या एका नजरेत वाचल्या आणि विहंग अजून 'हजारो'वर असतानाच त्या खदखदून हसल्या. पद्माताई आणि सकिनाबी चमकून त्यांच्याकडे बघू लागल्या. आक्कांनी एकदम तोंडावर पदर घेतला आणि चुकलं का गं माझं, असं विचारलं. आजवर त्या मागून हसत होत्या, आता पुढे हसल्या, एवढाच काय तो फरक पडला होता. देवव्रतरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हारिसला मात्र यात काहीच अवघड वाटलं नाही. "काका, फाईल तोडायची, एकेक शब्द सुटा करायचा आणि त्याला हलवायचं," तो म्हणाला. "रीलमध्ये बघता ना, तसं. माणूस बोलला की शब्द उडी मारून येणार, आधी न्हाय, नंतर न्हाय. टेन्शन घेऊ नका."

टेन्शन न घेण्याची सुरुवात अशी झाली, की पहिल्या प्रयत्नात शब्दांऐवजी अक्षरंच सुटी झाली. काना एका बाजूने आला, वेलांटी दुसऱ्या बाजूने आली, आणि 'आत्या'मधला य बराच वेळ पडद्यावर एकटाच हिंडत होता. दुसऱ्या प्रयत्नात शब्द धड आले, पण प्रत्येक शब्दाबरोबर गुलाबाच्या पाकळ्याही आल्या. हारिसकडचा सगळा माल लग्नाचा. 'लाडवांचा' या शब्दाभोवती दोन बदाम फिरत होते आणि 'डबा' तर वरातीतल्या घोड्यासारखा नाचत आला. पाकळ्या काढता येणार नाहीत का, असं देवव्रतरावांनी विचारलं. हारिस म्हणाला, पाकळ्या काढल्या तर शब्दही जातात, दोन्ही एकाच पॅकेजात आहेत. शासनाच्याही काही योजना अशाच असतात हे माहीत असल्यामुळे देवव्रतरावांनी पाकळ्या मंजूर केल्या.

हे शब्द नाचवायचं काम परगावच्या कुठल्याशा वेबसाइटवर व्हायचं आणि तिकडे फाईल चढवायला नांदगावात रेंज पुरेना. हारिस एका लग्नात अडकलेला, म्हणून देवव्रतराव त्याचा लॅपटॉप काखोटीला मारून काशीदला गेले. किनाऱ्यावर रेंज भरपूर होती. एका रिकाम्या टेबलामागे, छत्रीखाली, त्यांनी बैठक मारली आणि फाईल चढताना बघत बसले. थोड्या वेळाने एक ठाण्याचं कुटुंब समोर येऊन उभं राहिलं आणि बनाना राइडला माणशी काय घेता, असं विचारू लागलं. देवव्रतरावांनी थंडपणे सांगितलं, की आपला त्या विभागाशी संबंध नाही. तोवर त्या कुटुंबामागे आणखी लोक लागले होते. देवव्रतरावांनी दुर्लक्ष करायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण वाकडी रांग डोळ्यांसमोर बघणं त्यांच्या प्रकृतीत नव्हतं. त्यांनी उठून ती सरळ करून घेतली, लहान मुलं असणाऱ्यांना पुढे घेतलं आणि मध्येच घुसणाऱ्या एका धिप्पाड माणसाला खडसावून मागे पाठवलं. तो राइडचा मालक निघाला. त्याने सगळ्या रांगेदेखत 'म्हातारबा, उठा' असे शब्द वापरले. अव्वल कारकुनाला. देवव्रतरावांनी हा प्रसंग घरी सांगितला नाही, पण फाईल चढली होती.

इथे खरं म्हणजे सगळं झालं होतं. शब्द वेळेवर येत होते, वेळेवर जात होते. कुठल्याही शहाण्या माणसाने इथे हात जोडून थांबायला हवं होतं. पण मसुदा तयार झाला आणि तो कुणाच्याही अवलोकनासाठी न पाठवता तसाच अंतिम केला, असं पाप देवव्रतरावांच्या हातून आजवर घडलेलं नव्हतं. त्यांनी सबटायटलची फाईल कुटुंबाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, की सोबतचा मसुदा अवलोकन करून अभिप्राय कळवावेत, मुदतीत न आल्यास संमती गृहीत धरण्यात येईल.

कुंट्यांच्या ग्रुपवर एरवी सुप्रभातापलीकडे कुणी काही लिहीत नाही. पण स्वतःचं बोलणं असं अनुक्रमांकासकट लेखी समोर आलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. म्हसळ्याहून अण्णांनी कळवलं, की आपण विहिरीबद्दल जे बोललो ते बोलण्याच्या भरात बोललो, तरी तिथे पुढीलप्रमाणे दुरुस्ती करावी. आक्कांची मुलगी गौरी हिने पुण्याहून आपला फणसाच्या भाजीचा अख्खा परिच्छेदच बदलून पाठवला, कारण कार्यक्रमाला तिच्या सासूबाई येणार होत्या. आलेला अभिप्राय अंतर्भूत करायचा असतो, त्याच्याशी वाद घालायचा नसतो, हे देवव्रतरावांच्या अंगी इतकं मुरलेलं, की त्यांनी एकेक दुरुस्ती निमूटपणे टंकली.

पद्माताईंनी चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाल्या, अहो, बोलतात एक आणि लिहिलंय भलतंच. देवव्रतरावांनी त्यांना समजावलं, की ज्यांना ऐकू येतं ते वाचतील कशाला? आणि आक्काला ऐकू येत नाही, तेव्हा तिच्यापुरतं लेखी तेच खरं. हा युक्तिवाद इतका बिनतोड होता, की पद्माताईंना तो खोडायला वेळ लागला.

"मग वन्सं हसणार कशाला?" त्या म्हणाल्या. "हसण्यासारखं जे होतं तेवढंच तुम्ही काढलंत."

देवव्रतराव वरमले. पण त्यांच्याकडे हुकमाचा एक्का शिल्लक होता. सकिनाबी ग्रुपवर नव्हत्या, त्यामुळे त्यांच्या किश्शाला कुणाचा हात लागला नव्हता. तो किस्सा टंकताना देवव्रतराव स्वतः एवढे हसले होते, की दोनदा चष्मा पुसावा लागला. तो शेवटी ठेवला होता. सकिनाची गोष्ट आहे तोवर आक्का हसणार, शब्द खोटा पडणार नाही, असं त्यांनी पत्नीला आणि स्वतःला बजावून सांगितलं.

मग वाचनालयाच्या कार्यकारिणीला जाग आली. कार्यवाह गणराज ठोसर यांनी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी निरोप धाडला, की सभागृहात पडद्यावर दाखवायचा मजकूर आधी कार्यकारिणीसमोर ठेवण्याचा नियम आहे. देवव्रतरावांनी मजकूर नेऊन दिला. कार्यकारिणीने अण्णांचं भाषण उत्तम म्हणून वाखाणलं, गौरीचं वाचून एक सदस्य गहिवरले, आणि सकिनाबींच्या किश्शाशी येऊन सगळे थबकले. ठोसरांनी घसा साफ केला. गोष्ट विनोदी आहे हे त्यांना मान्य होतं, पण त्यात मुलगी बघण्याचा विषय होता, बाईने पुरुषाचा वेष घेण्याचा विषय होता, आणि त्यातून दोन समाज होते. कोण कशावर बोट ठेवील, सांगता येत नाही. आवाजाबद्दल नियमात काही म्हटलेलं नसल्यामुळे आवाज राहू द्यावा, मजकूर तेवढा बदलावा, असं ठरलं. किश्शाच्या जागी एकच वाक्य आलं: 'सकिना व केसर यांच्यात बालपणापासून सलोख्याचे संबंध आहेत.'

देवव्रतरावांनी विरोध करून पाहिला. नाही असं नाही. पण ठोसरांनी नियमाचा क्रमांक सांगितला, आणि क्रमांकापुढे देवव्रतरावांचं आजवर कधी काही चाललं नव्हतं. वाटेने येताना त्यांच्या मनात आलं, की जाऊ दे, आक्काला ती गोष्ट नंतर सांगता येईल. आणि हा 'नंतर' आपल्याच मनातून निघाला हे लक्षात येऊन त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. पण पाहुणे दाराशी येऊन पोचले होते. फाईल हारिसकडे गेली, आणि हारिसची वेगळीच पंचाईत झाली: सकिनाबींचं बोलणं लांबलचक, आणि त्याखाली नाचवायला शब्द उरले मोजकेच. त्याने ते सगळ्या वेळेवर समान वाटून टाकले.

पंचाहत्तरीला सभागृह भरलं. आक्का आल्या त्या केवळ धाकट्या भावाने सही केली होती म्हणून. मोतिया रंगाची साडी नेसून त्या पहिल्या रांगेत बसल्या, एका बाजूला पद्माताई, दुसऱ्या बाजूला सकिनाबी. अण्णा म्हसळ्याहून कवळी लावून आले होते. गौरी सासूबाईंना घेऊन आली होती. हारिसने दिवे मालवले आणि पडद्यावर विहंगाने सुरुवात केली. शब्द एकेक करत, पाकळ्या उधळत, त्याच्या बोलण्याबरोबर येऊ लागले. लाडवांचा डबा हरवला आणि सभागृह हसलं, आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, आक्काही हसल्या. हसता हसता त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सगळे हसत होते. मागे हारिसशेजारी उभ्या असलेल्या देवव्रतरावांना वाटलं, आता डोळे मिटले तरी हरकत नाही.

मग पडद्यावर अण्णा आले. अण्णा सांगत होते, की केसर पहिल्यापासून हट्टी, तिने मला एकदा विहिरीत ढकललं आणि दोर टाकण्याआधी वरून विचारलं, परत चिडवशील का? आणि खाली पाकळ्यांतून शब्द उड्या मारत येत होते: 'केसर पहिल्यापासून निश्चयी. आम्हा दोघांना विहिरीचे विशेष आकर्षण होते.' ज्यांना ऐकू येतं ते वाचतील कशाला, असं देवव्रतराव म्हणाले होते. पण शब्द नाचत असले की माणूस वाचतोच. सभागृहात आधी कुणीतरी फिस्सकन हसलं, मग रांगच्या रांग हसली. पुढे गौरीने कबूल केलं, की आईच्या हातची फणसाची भाजी तिने लग्न होईपर्यंत मागच्या खिडकीतून गाईला घातली. आणि खाली उमटलं, की आईच्या हातच्या फणसाच्या भाजीची आठवण मी जन्मभर जपली आहे. लोकांची मुरकुंडी वळली. गौरीच्या सासूबाईसुद्धा रुमाल तोंडात कोंबून हसत होत्या. आक्कांनी वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि मग, सगळ्यांचं होत आलं तेव्हा, थोडंसं हसल्या. ते हसू देवव्रतरावांनी मागून नुसत्या मानेवरून ओळखलं.

सकिनाबींचा किस्सा सुरू झाल्यावर तर कुणी कुणाला आवरेना. त्या भरभर बोलत होत्या, मिशीचं काहीतरी सांगत होत्या, आणि पडद्यावर एकटा 'सलोख्याचे' हा शब्द, भोवती बदाम फिरवत, कितीतरी वेळ डुलत उभा होता. तो जातो आणि 'संबंध' येतो तोवर लोक खुर्च्यांवर हात आपटायला लागले होते. त्या गदारोळात सकिनाबींच्या गोष्टीचा शेवट कुणाच्या कानावर पडलाच नाही. आक्कांनी पद्माताईंचा हात धरून काय झालं म्हणून विचारलं. पद्माताईंचे डोळे हसून हसून वाहत होते, त्यांना शब्द फुटेना, त्यांनी हातानेच सांगितलं की थांबा जरा. आक्का थांबल्या नाहीत. त्यांनी पिशवी उचलली आणि उभ्या राहिल्या.

"मी जाते," त्या म्हणाल्या. "तुमचं चालू दे."

देवव्रतरावांनी हारिसला ते बंद करून दिवे लावायला सांगितलं आणि ते रांगांमधून जवळजवळ धावतच पुढे गेले. पडद्याच्या बाजूला वाचनालयाचा सुविचाराचा फळा होता. त्यावर ठोसरांच्या हातचा सुविचार होता. देवव्रतरावांनी तो सदऱ्याच्या बाहीने पुसला. ठोसर अर्धवट उठून म्हणाले, की फळ्यावर लिहिण्याचे अधिकार कार्यकारिणीकडे आहेत.

"ठोसर, गप्प बसा," देवव्रतराव म्हणाले. जन्मात ते कुठल्याही अधिकाऱ्याला असं बोलले नव्हते.

मग त्यांनी आक्कांना हाताने थांबवलं आणि खडू उचलला. लेखी होतं ते खोटं होतं, आणि तोंडी होतं ते खरं. घाईत अक्षर कचेरीतल्यासारखं येईना. त्यांनी लिहिलं: अण्णा म्हणाले, केसरने मला विहिरीत ढकललं. आक्का दाराकडे निघाल्या होत्या त्या वळून वाचू लागल्या. एक शब्द, मग थांबून पुढचा शब्द. लोकांना ते वाक्य ठाऊक होतं, पण आता कुणी हसेना. सगळे फळ्याकडे बघायचे सोडून आक्कांच्या तोंडाकडे बघत होते. दोर टाकण्याआधी विचारलं, परत चिडवशील का? एवढं लिहून झालं, आणि आक्का फस्सकन हसल्या, अण्णांकडे बोट दाखवून हसल्या, आणि तेव्हा कुठे सभागृह हसलं. पुढे फणसाची भाजी लिहिली. ती वाचून आक्का लेकीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे गाय आटली होती ती त्यामुळे होय." गौरी उठून आईच्या गळ्यात पडली, सासूबाईंदेखत.

आता सकिनाची गोष्ट. देवव्रतरावांनी फळा पुन्हा पुसला. सभागृहातल्या माणसांना ती नीट ऐकूच आली नव्हती, त्यामुळे तेही आता आक्कांसारखेच खडूच्या टोकाकडे डोळे लावून बसले. 'सकिना म्हणाली, केसरने माझ्या भावाचा सदरा चढवलान्, कोळशाची मिशी काढलीन् आणि मला बघायला आली.' आक्कांनी सकिनाबींकडे पाहिलं. सकिनाबींनी मान डोलावली. 'अम्मीने एकसारखं बोलत शेवया वाढल्या. सगळ्या खाल्ल्यान्.' ग्रुपवर स्वतःच्या ओळींपलीकडे कुणी वाचलं नव्हतं, त्यामुळे ही गोष्ट अण्णांना नवीच होती, आणि त्यांनी डोळे मोठे केले. 'मग उठली आणि अम्मीला म्हणाली, मुलगी पसंत आहे, पण.'

इथे खडू मोडला. देवव्रतराव तुकडा शोधायला खाली वाकले. ते वर उठून बघतात तो आक्कांनी पिशवी खुर्चीवर ठेवली होती. त्यांनी पदर खोचला, मान ताठ केली, नसलेल्या मिशीला पीळ दिला, आणि त्या सभागृहाने कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता असा भरदार पुरुषी आवाज काढला.

"पण सासू लय बोलते. रोजचं ऐकायचं कोणी?"

सकिनाबींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाकी सगळ्यांना त्या बोलण्यातली गंमत उमजायला क्षणभर वेळ लागला. तेवढ्यात आक्का हसायलासुद्धा लागल्या होत्या, मिशी तशीच चिमटीत धरून, सगळ्यांच्या आधी, आणि सगळं सभागृह त्यांच्या मागून हसलं.